ऐंशीच्या आत

"तुम्ही घाबरट आहात आणि तुम्ही खोटारडे आहात. तुम्ही कोण ते मला ठाऊक नाही. पण ज्या कुणी तो कागद काढला, त्यानं जन्मात कधी पंचेचाळीस पोरींचं जेवण रांधलेलं नाही, एवढं मी पातेल्यावर हात ठेवून सांगते. शिबिराला येणाऱ्या पालकाचं वजन ऐंशी किलोच्या आत हवं म्हणे. का? एकोणनव्वद किलोच्या बाईच्या हातचं सूप पोरींना बाधतं का?"

हे पत्र थोरली सून नऊ आठवडे मनातल्या मनात लिहीत होती. कोबी चिरताना एक परिच्छेद, भांडी विसळताना दुसरा, आणि रात्रीच्या जेवणाला अर्धी वाटी उकडलेला घेवडा समोर आला की शिव्यांचा तिसरा. कागदावर एक अक्षर उतरलं नव्हतं. आधी वजन उतरवू, मग बोलू, असं तिनं ठरवलं होतं. जाड बाईनं तक्रार केली की लोक म्हणतात, निमित्त सांगते. तेच बारीक बाईनं म्हटलं की ते तत्त्व होतं. जगाचं हे माप खोटं आहे, पण बाजारात तेच चालतं, हे तराजू दुरुस्त करणाऱ्यांच्या घरात वीस वर्षं नांदलेल्या बाईला कुणी शिकवायची गरज नव्हती.

आणि आज, रविवारी सकाळी, न्हाणीघरातल्या काट्याची सुई ऐंशीच्या अलीकडे थांबली.

तिनं श्वास रोखला. उतरली. टॉवेल बाजूला टाकून पुन्हा चढली. सुई हलली, डुगडुगली आणि तिथंच आली. साडेएकोणऐंशी!

"अहो!" ती आतूनच ओरडली. "अहो, साडेएकोणऐंशी! आत आले मी, ऐंशीच्या आत!"

बाहेर नवऱ्याला चहाचा ठसका लागला. सासूबाईंच्या हातातला चमचा बशीत पडला. अंगणात गाठींचा सराव करत लेक शिट्टीवर कसलीशी चाल वाजवत होती, ती चाल मध्येच तुटली. थोरलीला वाटलं, आनंदानं. माणूस आनंदात असला की बाकीच्यांच्या तोंडावर काय आहे ते नीट वाचत नाही.

या लेकीला सगळे शिट्टीच म्हणत. नवव्या वर्षी स्काउट पथकात गेली त्या दिवसापासून गळ्यात शिट्टी आहे, ती झोपतानाही निघत नाही. आता पंधरावं लागलं होतं, आठ जणींच्या टोळीची ती नायक होती, आणि येत्या शनिवारचं शिबिर तिचं या पथकातलं शेवटचं. पुढच्या वर्षी मोठ्यांचं पथक. तिथं पालकांनी फाटकापर्यंत यायचं आणि तिथूनच हात हलवायचा.

सहा वर्षांपूर्वीच्या पहिल्या शिबिरात थोरली लेकीला नुसती भेटायला म्हणून गेली होती. स्वयंपाकाच्या तंबूत डोकावली तर तिथं दोन बापे अर्धकच्च्या घेवड्याकडे बघत उभे, आणि ताटं वाजवणाऱ्या पोरी रांगेत. तिनं पर्स खुंटीला अडकवली, बाह्या सारल्या आणि "सरका" म्हणाली. त्यानंतर त्या तंबूतून तिला कुणी सरकवू शकलं नाही. तिची रीत साधी होती. पातेलं एकदा सणसणीत उकळलं की झाकण दाबून बसवायचं आणि वाळक्या गवतानं भरलेल्या लाकडी पेटीत ते गळ्यापर्यंत पुरायचं. चार तासांनी उघडलं की घेवडा लोण्यासारखा, जळण निम्मं, करपण्याची भीती नाही आणि तोवर पोरींबरोबर टेकडी चढून येता येतं. फक्त ते भरलेलं पातेलं चुलीवरून पेटीपर्यंत उचलायला अंगात रग लागते. ती थोरलीच्या अंगात होती. एकोणनव्वद किलोंची होती.

मग यंदा, शिबिराच्या अर्जाला टाचून, तो कागद आला.

पहिल्या दिवशी ती रडली. दुसऱ्या दिवशी धाकट्या जावेला घेऊन बाजारात गेली. धाकटी म्हणजे दोरीवर वाळत घातली तरी वाऱ्यानं उडेल अशी. तिला उपासमारीशी काही देणंघेणं नव्हतं, ती चव बघायला यायची. दर गुरुवारी दुकान बंद झालं की दोघी निघायच्या, याला त्या 'मोहीम' म्हणत. पहिल्या मोहिमेत फुगवलेल्या धान्याच्या चकत्या सापडल्या. धाकटी एक चावून म्हणाली, "वहिनी, आपण काटा खोक्यात घालताना जो पुठ्ठा भरतो ना, तो याच्यापेक्षा चवदार आहे. मी लहानपणी खाल्लाय." दुसऱ्या मोहिमेतल्या बिनसाखरेच्या जॅमला बुटाच्या पॉलिशचा वास होता. तिसऱ्या वेळी मात्र भट्टीच्या गल्लीत एक म्हातारी खिडकीतून ओटचा पाव विकताना दिसली. जाड सालीचा, वर भोपळ्याच्या बिया, आत ओलसर. थोरलीनं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"किती खायचा याचा?" धाकटीनं विचारलं.

"चाळीस ग्रॅम."

त्या दिवसापासून रोज सकाळी धाकटी सोनाराच्या नाजूक काट्यावर थोरलीचा पाव तोलायची. "चाळीसवर एक बी जास्त झाली, वहिनी. थांबा, मी खाते." एका बीसाठी ती कधी थांबली नाही. चांगली बोटभर साल तोडायची.

उतरणं काही सरळ झालं नाही. चौथ्या आठवड्यात पथकाच्या वर्धापनदिनाला थोरलीनं केकचे दोन तुकडे खाल्ले, रात्रभर स्वतःला शिव्या घातल्या, आणि सकाळी काट्यावर बघते तर दोन किलो कमी! पाचव्या आठवड्यात नुसत्या काकड्यांवर काढले सहा दिवस, आणि वजन दीड किलोनं वाढलं. त्या दिवशी तिनं काकडीला जे शब्द वापरले ते काकडीनं आजवर ऐकले नसतील. "शरीराचं गणित वेगळं असतं गं," सासूबाई जमिनीकडे बघत म्हणाल्या होत्या. थोरलीनं ते मानलं होतं.

नऊ वाजता सगळे खाली दुकानात उतरले. रविवारी सकाळी काटे जुळवायचे, ही या घराची तीन पिढ्यांची रीत. दुकानाची फळी बंद ठेवून सासरे पितळी प्रमाणवजनांची पेटी उघडत, हातमोजे घालत, कारण घामाचा थेंबही वजनात मोजला जातो, आणि दुकानातला एकेक काटा तपासत. घरातल्या प्रत्येकाच्या वाटणीला काटे होते. जो तो आपापल्या काट्याचं शून्य जुळवून त्याच्याशेजारी उभा राही, शाळेत तपासणीला उभं राहतात तसा. धाकटा दीर गिरण्यांचे काटे जुळवायला फिरतीवर होता, म्हणून त्याचे काटे आज धाकटीकडे. या घरात लग्न होऊन आलेल्या बाईला आधी काटा उघडायला शिकवत, मग किल्ल्या देत.

या प्रामाणिकपणाची किंमत घरानं मोजलेली होती. सासऱ्यांच्या आजोबांनी सख्ख्या भावाच्या काट्याखाली चिकटवलेला शिशाचा तुकडा भर बाजारात काढून दाखवला होता. त्या दिवसापासून घराचे दोन भाग झाले, ते आजतागायत जुळलेले नाहीत. तो शिशाचा तुकडा सासऱ्यांच्या टेबलावर कागद दाबायला असतो.

"बाबा," थोरलीनं घडी केलेला अर्ज त्याच तुकड्याखाली सरकवला, "आज माझाही काटा करा. उद्या दुपारपर्यंत द्यायचाय. प्रमाणित काट्यावरचं वजन, आणि शिक्का."

"किती म्हणालीस?"

"साडेएकोणऐंशी. लोकांना ऐकू गेलंय, मी ओरडले तेव्हा."

"ऐकलं," सासरे म्हणाले. "चढ."

पोती तोलायच्या मोठ्या काट्याच्या फळीवर ती चढली. चपला काढून, बांगड्या काढून, कानातलं काढून. धाकटी म्हणाली, "वहिनी, केसांतल्या पिनाही काढा, सहा आहेत." त्याही काढल्या. सासऱ्यांनी दांडीवरचं सरकतं वजन बोटानं ढकललं. एकदा पुढे. मग आणखी पुढे. थोरलीला ते पुढे जाणं आवडलं नाही.

"ब्याऐंशी."

"काय?"

"ब्याऐंशी किलो. वर काही नाही, खाली काही नाही."

"पुन्हा बघा ना, बाबा."

"आपण पुन्हा बघितलं म्हणून काटा मत बदलत नाही." तरी त्यांनी बघितलं. तिला उतरवलं, वीस-वीस किलोंची चार प्रमाणवजनं फळीवर मांडली. दांडी ऐंशीवर सरळ उभी राहिली. "हा चोख आहे. तू घरच्या काट्यावर बघितलंस ना? तो आणा खाली."

अशा वेळी शिट्टी जिन्यावरून दोन दोन पायऱ्या उडी मारत जायची. आज ती दोरीच्या गाठीकडे बघत राहिली. नवरा छताचा पंखा न्याहाळत होता. शेवटी धाकटी गेली आणि न्हाणीघरातला काटा कडेवर घेऊन आली.

हा काटा रविवारच्या तपासणीत कधीच येत नसे. घरचा काटा, गिऱ्हाइकाचा नव्हे. सासऱ्यांनी त्यावर तीच ऐंशी किलोंची वजनं ठेवली आणि वाकून सुई बघितली. मग चष्मा पुसून पुन्हा बघितली.

"साडेसत्त्याहत्तर." ते स्टुलावर बसले. "अडीच किलो कमी दाखवतोय. माझ्या घरात. माझ्या न्हाणीघरात."

बाहेरून कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली.

"बाबा," नवरा पंख्याला उद्देशून म्हणाला, "त्यातले दोन माझे."

"दोन काय?"

"किलो. दुसऱ्या आठवड्यात ही रोज रडत होती हो. सुई जागची हलेना. म्हटलं, जरा धीर येईल, मग आपोआप उतरेल. म्हणून खालचं चाक... थोडंसं."

"अहो!" थोरली म्हणाली.

"थोडंसंच गं!"

"दोन किलो थोडंसं? गिऱ्हाइकाला दिले असतेस तर तुरुंगात गेला असतास," सासरे म्हणाले. "अर्धा किलो राहिला. तो कुणाचा?"

आता सासूबाईंनी पदर सारखा केला. सासूबाई पदर सारखा करतात म्हणजे घरात काहीतरी मोठं बाहेर येतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. "अर्धा नाही. दोन माझेही आहेत."

"तू?" सासरे उठून उभे राहिले. "चाळीस वर्षं माझ्यासोबत काटे जुळवणारी तू?"

"हो, मी! त्या केकच्या रात्री ही पोर स्वतःला शिव्या देत बसली होती. दोन तुकडे खाल्ले तर जसा काही खून केला. मला बघवेना. म्हटलं, सकाळी सुई खाली दिसली तर निदान दोन घास समाधानानं खाईल. तुम्ही तुमचं माप बघा, मी माझी सून बघते."

"म्हणजे केक खाऊन दोन किलो उतरले ते..." थोरली सासूबाईंकडे वळली. "आणि मी गावभर सांगितलं, केक खा म्हणून! पथकातल्या तीन बायका माझ्या सल्ल्यानं केक खातायत!"

धाकटीनं हसू दाबायला तोंडात पावाची साल कोंबली.

सासरे मात्र हिशेबात होते. "दोन आणि दोन चार. काटा अडीचच खोटा दाखवतोय. दीड गेले कुठे?"

कोपऱ्यात शिट्टी वाजली. मुद्दाम वाजवलेली नव्हती. श्वास चुकून तिच्यातून गेला होता.

"आजोबा, दीड मी परत चढवले."

"तूसुद्धा!" थोरलीनं कपाळावर हात मारला. "मी सहा दिवस काकड्या चावल्या, तेव्हाचं ते?"

"आई, तू भराभर उतरायला लागलीस ना, मला वाटलं आता तू सैल सोडशील. मागे तसंच झालं होतं. ऐंशीच्या आत आली नाहीस तर शिबिराला येणार नाहीस. म्हणून मी दीड वाढवून ठेवले, म्हणजे तू खरी अठ्ठ्याहत्तरच्या आसपास जाशील आणि एकदम सुरक्षित." शिट्टीचे डोळे भरले. "मला काय माहीत, बाबा आणि आजी आधीच आत हात घालून गेलेत!"

सासऱ्यांनी बोटांवर पुन्हा हिशेब मांडला. "म्हणजे या घरात काटा खोटा करायला गेलेल्या तिघांपैकी एकीच्याच हातून तो खऱ्याच्या जवळ सरकला. तोही चुकून." ते सावकाश धाकटीकडे वळले. "आणि तू?"

"मी काट्याला हात लावला नाही, बाबा," धाकटी म्हणाली. "मी फक्त पाव खाल्ला."

तिथं थोरलीचा बांध फुटला. पण रडू नाही, हसू आलं. ती मोठ्या काट्याच्या फळीवर मटकन बसली आणि अशी हसली की दांडी वरखाली नाचायला लागली. काकडीला घातलेल्या शिव्या आठवून हसली, केकचा सल्ला आठवून हसली. तिघं एकमेकांच्या चोरून, दबक्या पावलांनी, एकाच चाकाशी. नवऱ्यालाही फुटलं. सासूबाई "हसू नका गं, मला दम लागतो" म्हणत स्वतःच फळीच्या कडेवर टेकल्या. सासरे तेवढे हसले नाहीत. ते पेटीपाशी गेले, एक पाच किलोचं आणि एक दोन किलोचं वजन उचलून आणलं आणि सुनेच्या दोन हातांत ठेवलं.

"पहिल्या दिवशी तू एकोणनव्वद होतीस. तेव्हा काट्याला कुणाचा हात लागला नव्हता. आज ब्याऐंशी. हे सात तू उतरवलेस. धरून बघ."

थोरलीनं धरलं. मनगटं खाली गेली. एवढं? हे सगळं ती रोज जिन्यावरून वर नेत होती? काट्याच्या आकड्याकडे नऊ आठवडे बघून जे कळलं नव्हतं, ते त्या पितळेनं एका क्षणात सांगितलं. तिला स्वतःबद्दल जी लाज नऊ आठवडे वाटत होती ती कुठेतरी गेली, आणि तिच्या जागी त्या कागदाबद्दलचा राग नव्यानं, चांगली भूक लागल्यासारखा, वर आला.

"पण ऐंशीच्या आत नाही ना," शिट्टी हळूच म्हणाली.

हसणं थांबलं.

"उद्या दुपारी अर्ज, शनिवारी शिबिर," नवरा म्हणाला. "दोन किलो कसे उतरणार?"

"केस कापा," धाकटी म्हणाली. "नाहीतर उद्यापर्यंत पाणी सोडा."

"पाणी सोडून मरायचंय का तिला?" सासूबाई सासऱ्यांकडे वळल्या. "अहो, तुमच्याच हातात शिक्का आहे. साडेएकोणऐंशी लिहा आणि द्या मारून. शिबिराची कोठी सांभाळणाऱ्या त्या पालकानं नाही का लिहून दिलं? तो यायच्या आधी पोट खोलीत येतं त्याचं, आणि अर्जावर एकोणऐंशी! शिक्का आणलाच ना कुठून तरी."

"आई बरोबर बोलतेय, बाबा," नवरा म्हणाला. "दोन किलोंनी कुणाचं काय बिघडतं? इथं कुणी गिऱ्हाईक नागवलं जात नाहीये. पोरीचं शेवटचं शिबिर आहे."

मघाशी एकाच काट्याचे गुन्हेगार ठरलेले मायलेक आता एका बाजूला झाले होते. धाकटीही सरकत सरकत त्यांच्या बाजूला गेली. पलीकडे सासरे एकटे, आणि टेबलावर तो शिशाचा तुकडा.

"शिट्टे, तू काय म्हणतेस?" सासऱ्यांनी विचारलं.

पोरीनं गळ्यातली शिट्टी मुठीत धरली. पथकात रोज सकाळी तीन बोटं वर करून वचन म्हणायचं असतं: खरं बोलेन, दिलेला शब्द पाळेन. आईला शिबिराला न्यायचा शब्द तिनं टोळीला दिला होता, आणि खरं बोलायचा त्याच्याही आधी. "मला आई हवीय," ती म्हणाली. "पण खोटा शिक्का मारलेली नको." आणि रडायलाच लागली.

"रडतेस कशाला, बाई," थोरली उठली. "तुझ्या आजोबांनी मारला असता तरी मी घेतला नसता. मी नऊ आठवडे उकडलेलं खाल्लंय, त्याचा खोटा दाखला मला नको. बाबा, ब्याऐंशी लिहा."

"थांब जरा," सासरे म्हणाले. त्यांनी शिशाचा तुकडा बाजूला करून अर्ज आणि त्याला टाचलेला तो कागद उचलला. आजवर सगळ्यांनी त्यातला ऐंशीचा आकडाच वाचला होता. सासऱ्यांनी तो काट्यासारखा वाचला: पुढून, मागून, उजेडात धरून, कोपरे बघून.

"काट्यावर काय काय कोरलेलं असतं, शिट्टे? सांग."

"जास्तीत जास्त किती पेलेल ते," शिट्टी नाक ओढत म्हणाली. "बनवणाऱ्याचं नाव. तपासल्याची तारीख. तपासणाऱ्याची खूण."

"यातलं एक जरी नसलं तर?"

"काटा जप्त."

"हा कागद बघ. ऐंशी लिहिलंय. का ऐंशी, ते नाही. कुणी ठरवलं, ते नाही. सही नाही, नाव नाही. नुसता गोल शिक्का, तोही पुसट. माझ्या दुकानात असलं वजन कुणी आणलं असतं तर मी दारातून आत घेतलं नसतं." त्यांनी कागद टेबलावर आपटला. पंचाहत्तर वर्षांच्या हातात एवढा जोर आहे हे बऱ्याच दिवसांनी दिसलं. "आणि या बिननावाच्या मापासाठी माझ्या घरातल्या तिघांनी मापात पाप केलं. नऊ आठवडे! मला राग त्याचा आहे."

सासूबाईंनी मान खाली घातली. मग वर केली. "मग आता काय करायचं म्हणता?"

"खरं लिहायचं. सगळ्यांचं. ओळीनं चढा."

आणि चढले. नवरा चौऱ्याण्णव. "शर्ट धरून," तो म्हणाला. "शर्ट पाव किलोचाही नाही," बाप म्हणाला. सासूबाई अडुसष्ट, आणि तो आकडा मोठ्यानं म्हटल्याबद्दल त्यांनी सासऱ्यांकडे असं काही बघितलं की पुढचे आकडे हळू आवाजात आले. धाकटी सत्तेचाळीस. "एवढा पाव जातो कुठे?" थोरलीनं विचारलं. शिट्टी बावन्न, शिट्टीसकट. सासरे स्वतः एकसष्ट. चष्मा काढून पुन्हा चढले, तरी एकसष्ट.

शेवटी थोरली माळ्यावरून शिबिराचं पातेलं घेऊन आली. ते तिनं नळावर गळ्यापर्यंत भरलं, दोन्ही कानांना धरून एका दमात उचललं आणि फळीवर चढली.

"एकशे सव्वीस," सासरे म्हणाले. "पातेलं पाण्यासकट चव्वेचाळीस."

"घेतंय का कुणी?" थोरलीनं विचारलं. नवरा पुढे झाला, कानांना हात घातला, कंबर धरली आणि मागे सरला. ती हसत उतरली. पाण्याचा थेंब सांडला नाही.

मग ती टेबलाशी बसली. धाकटीनं न विचारता ओटच्या पावाचा जाड तुकडा लोणी लावून तिच्यासमोर ठेवला, आणि या घरात नऊ आठवड्यांत पहिल्यांदा तो कुणी तोलला नाही. थोरलीनं चावा घेतला, बोटं पुसली आणि अर्जाच्या 'शेरा' या रकान्यात लिहायला सुरुवात केली. रकाना दोन ओळींचा होता. तिनं कागद उलटा केला. नऊ आठवड्यांच्या शिव्यांपैकी एकही आठवली नाही, त्यांची गरजच उरली नव्हती. सासऱ्यांनी सहा आकड्यांसमोर सहा शिक्के उमटवले. शिट्टी खांद्यावरून वाचत होती, आणि वाचता वाचता तिची तुटलेली चाल पुन्हा सुरू झाली होती.

"माझं वजन ब्याऐंशी किलो. खरं आहे, शिक्का बघा. शनिवारी सकाळी मी पातेलं घेऊन शिबिराच्या फाटकाशी उभी असेन. भरलेलं चव्वेचाळीस किलोचं होतं. मला आत घ्यायचं नसेल तर ते उचलायला तुमच्यातला कोण येणार, त्याचं नाव कळवा. आज घरात असलेल्या आम्हा सगळ्यांची वजनं वर लिहिली आहेत, आम्ही काही लपवलेलं नाही. आता तुम्ही सांगा. ऐंशी कुणी ठरवलं? का ठरवलं? आणि ठरवणाऱ्याचं स्वतःचं वजन किती? नाव घालून, सही करून, शुक्रवारच्या आत उत्तर द्या."